पगार एकाच्या हातात, कर दुसऱ्याच्या : व्हॅलेहो शहराच्या दिवाळखोरीचं प्रकरण

6 मे 2008 रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहो शहराच्या नगर परिषदेने सात विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला की शहराने दिवाळखोरीचा अर्ज करावा. 23 मे रोजी अर्ज न्यायालयात दाखल झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या उत्तर टोकाला असलेलं हे साधारण 1 लाख 16 हजार वस्तीचं शहर. दिवाळखोरीत गेलेलं कॅलिफोर्नियातलं तोवरचं सगळ्यात मोठं शहर तेच होतं, 2012 मध्ये स्टॉकटनने त्याला मागे टाकेपर्यंत. 1 जुलैपासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षात 1 कोटी 60 लाख डॉलरची तूट समोर दिसत होती. गंगाजळी संपली होती. शहराचा रोजचा कारभार ज्यातून चालतो तो सर्वसाधारण निधी होता सुमारे 8 कोटी डॉलरचा आणि त्यातला जवळपास तीन-चतुर्थांश पैसा पोलीस आणि अग्निशमन दलाच्या पगार-भत्त्यांवर जात होता.

ही हकिगत आजवर दोन तऱ्हांनी सांगितली गेली आहे. एका बाजूचे म्हणतात, संघटनांनी शहर धुऊन नेलं. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, कर भरायची तयारी नसलेल्या मतदारांनी आणि पैसे नीट न सांभाळणाऱ्या कारभाऱ्यांनी शहर बुडवलं आणि खापर मात्र नोकरदारांवर फोडलं. दोन्हीत तथ्य आहे. पण माझ्या मते मुख्य गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटते. पगारवाढ द्यायची तर त्यासाठी कर किती वाढवावा लागेल, हा प्रश्न व्हॅलेहोत कुणासमोर पूर्णपणे आलाच नाही. पगार ठरवण्याचा अधिकार एका ठिकाणी होता, कर ठरवण्याचा दुसऱ्या ठिकाणी, आणि ज्यांना लोकांनी निवडून दिलं होतं त्यांच्या हातात यातलं फार थोडं उरलं होतं.

पगार कुणाच्या हातात होता

सुरुवात 1969 पासून करावी लागते. त्याच्या आदल्या वर्षी, 1968 मध्ये, कॅलिफोर्नियाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांना संघटनेमार्फत वाटाघाटी करण्याचा हक्क देणारा कायदा केला होता. जुलै 1969 मध्ये व्हॅलेहोचे पोलीस आणि अग्निशमन जवान संपावर गेले. पोलिसांविना आणि बंबांविना शहर कसं चालतं हे रहिवाशांनी त्या दिवसांत पाहिलं आणि पुन्हा ते बघायची कुणाचीच इच्छा नव्हती. म्हणून शहराच्या सनदेतच, म्हणजे शहराचा कारभार बांधून देणाऱ्या मूळ कायद्यातच, बंधनकारक लवादाची तरतूद घालण्यात आली. बोलणी फिसकटली तर प्रकरण लवादाकडे जाणार, लवाद जो निवाडा देईल तो दोघांनाही मान्य करावा लागणार, आणि त्याच्या बदल्यात संप नाही.

हा सौदा त्या वेळी रास्तच होता आणि आजही मला तो तत्त्वतः चुकीचा वाटत नाही. ज्या माणसाला संप करायची मुभा नाही, त्याला दाद मागायला कुठेतरी जागा हवीच. गडबड होती ती वेगळ्या ठिकाणी. निवाडा देणारा लवाद पगार ठरवत असे, पण त्या पगाराचे पैसे उभे करणं हे त्याचं काम नव्हतं. कर वाढवायला त्याला कुणाच्या दारात जावं लागत नव्हतं. आणि प्रत्येक वेळी प्रकरण लवादापर्यंत जायचंही कारण नव्हतं. तिथे गेलं तर काय होईल याचा अंदाज दोन्ही बाजूंना असायचा आणि त्या अंदाजाच्या आसपासच करार व्हायचे. परिषदेचे सदस्य ‘आपण वाटाघाटी केल्या’ असं म्हणत, ते खोटं नव्हतं. फक्त त्या वाटाघाटींना नकार देण्याची ताकद नव्हती.

त्यात भर पडली तुलनेची. पोलीस आणि अग्निशमन दलाचे पगार आसपासच्या इतर शहरांच्या पगारांशी जोडलेले होते. यामागचा विचारही समजण्यासारखा आहे, कारण शेजारचं शहर जास्त पगार देत असेल तर प्रशिक्षण घेतलेला पोलीस तिकडे जातो. पण तुलनेतलं प्रत्येक शहर हेच करत असलं की काय होतं पाहा. सरासरीच्या खाली असलेलं शहर वर सरकतं, त्यामुळे सरासरी वर जाते, मग आधी सरासरीत असलेलं शहर आपोआप खाली पडतं आणि त्यालाही वर सरकावं लागतं. या साखळीत कुणी एक जण उधळपट्टी करत नाही, तरी पगार चढत राहतात. शिवाय व्हॅलेहो ज्यांच्या पंक्तीला बसू पाहत होतं, त्यातली बरीचशी शहरं त्याच्यापेक्षा सुखवस्तू होती.

कारण व्हॅलेहोचा आर्थिक कणा 1996 मध्येच मोडला होता. मेअर आयलंड ही नौदलाची गोदी 1854 मध्ये सुरू झाली, पॅसिफिक किनाऱ्यावरचा अमेरिकी नौदलाचा तो पहिला तळ. दुसऱ्या महायुद्धात तिथे 40 हजारांहून जास्त माणसं काम करत होती. 1 एप्रिल 1996 रोजी ती बंद झाली. गोदीची जमीन केंद्र सरकारची, म्हणजे तिच्यावर मालमत्ता कर कधी मिळतच नव्हता. शहराला मिळत होता तो तिथल्या पगारांतून होणाऱ्या खरेदी-विक्रीचा पैसा आणि घरांना असलेली मागणी. तो गेला. पगारांची तुलना मात्र गोदी न गमावलेल्या शहरांशीच होत राहिली.

आता पेन्शन. 1999 मध्ये राज्याने पेन्शनचे नियम सैल केले आणि त्यापाठोपाठ अनेक शहरांनी आपल्या पोलीस-अग्निशमन दलांना ‘पन्नासाव्या वर्षी तीन टक्के’ ही श्रेणी दिली. व्हॅलेहोही त्यात होतं. हिशेब असा : जितकी वर्षं नोकरी, त्या प्रत्येक वर्षाचे तीन टक्के. विसाव्या वर्षी नोकरीला लागलेला माणूस पन्नाशीत निवृत्त झाला तर 30 वर्षं गुणिले 3, म्हणजे शेवटच्या पगाराच्या 90 टक्के पेन्शन, ती हयातभर आणि महागाईनुसार वाढ धरून. त्यामुळे निवृत्तीच्या तोंडावर मिळालेली पाच टक्क्यांची वाढ ही काही वर्षांपुरती राहत नाही. ती पुढची तीस-पस्तीस वर्षं चालते. 1999 साली शेअर बाजार तेजीत होता, कॅलपर्स या राज्याच्या पेन्शन निधीची गुंतवणूक फुगलेली होती, आणि ही सुधारणा शहरांना फारशी महाग पडणार नाही असं सांगितलं जात होतं. बाजार पडल्यावर फरक भरून काढायची जबाबदारी शहरांवर आली, कारण पेन्शनचं वचन पक्कं होतं आणि गुंतवणुकीचा परतावा पक्का नव्हता.

कर कुणाच्या हातात होता

6 जून 1978 रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रॉपोझिशन 13 (राज्यभरच्या मतदारांसमोर थेट मतदानाला आलेला प्रस्ताव) मोठ्या बहुमताने मंजूर केलं. त्यानुसार मालमत्ता कर मालमत्तेच्या मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला गेला. ते मूल्यही 1975-76 च्या पातळीवर मागे नेलं गेलं आणि पुढे वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्केच वाढू शकेल, असं ठरलं. घर विकलं गेलं किंवा नवं बांधकाम झालं तरच नव्या किमतीने मूल्यांकन. विशिष्ट कामासाठी कर लावायचा असेल तर दोन-तृतीयांश मतं हवीत. 1996 मध्ये प्रॉपोझिशन 218 आलं आणि सर्वसाधारण करासाठीही मतदारांची परवानगी सक्तीची झाली.

लोकांनी हे का केलं, तेही समजून घेतलं पाहिजे. सत्तरच्या दशकात घरांच्या किमती झपाट्याने वाढल्या आणि पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्याच घराचा कर झेपेना. घराची किंमत कागदावर वाढते, हातात पैसा येत नाही. त्यांचा राग खरा होता.

पण परिणाम असा झाला की शहराचं सगळ्यात भरवशाचं उत्पन्न परिषदेच्या हातून गेलं. तो एक टक्काही पूर्ण शहराला मिळत नाही. तो काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग), शाळा, ठरावीक सेवेपुरत्या स्थापलेल्या स्थानिक संस्था आणि शहर यांच्यात वाटला जातो आणि वाटणी राज्य ठरवतं. 1992-93 च्या सुमारास राज्याने स्वतःची तूट भरून काढायला शहरांच्या वाट्यातला काही भाग शाळांकडे वळवला, त्यातही व्हॅलेहोच्या परिषदेला कुणी विचारलं नाही.

आकडेमोड करून पाहू. खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, व्हॅलेहोच्या ताळेबंदातले नाहीत. समजा शहराचं उत्पन्न 100 रुपये आहे आणि त्यातले 75 पगारावर जातात. उत्पन्न वर्षाला दोन टक्क्यांनी वाढतं आणि पगार पाच टक्क्यांनी. दहा वर्षांनी उत्पन्न होतं सुमारे 121 रुपये 90 पैसे. पगार होतो सुमारे 122 रुपये 17 पैसे. म्हणजे दहाव्या वर्षी पगार देऊनच तिजोरी रिकामी, वर सत्तावीस पैसे उसने. रस्ता नाही, दिवा नाही, वाचनालय नाही. यातल्या कुठल्याही एका वर्षी पाच टक्के ही वाढ कुणाला अवाजवी वाटणार नाही. दरवर्षीचा फरक इतका थोडा असतो की तो पुढच्या वर्षावर ढकलता येतो.

प्रत्यक्षात दहा वर्षं सगळं असं सरळ चाललं नाही, कारण मधे घरांच्या बाजारात उधाण आलं. 2002 ते 2006 या काळात घरं भराभर विकली जात होती, विक्री झाली की मूल्यांकन नव्या किमतीला जात होतं, शिवाय नव्या बांधकामांचं शुल्क येत होतं. दोन टक्क्यांची मर्यादा जणू नाहीच असं काही वर्षं वाटलं आणि त्याच वर्षांत 2010 पर्यंतचे करार झाले. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. बाजाराच्या तेजीतून आलेला पैसा कायमचा मानला गेला आणि त्यावर कायमच्या बांधिलक्या उभ्या राहिल्या. 2007 मध्ये घरांच्या किमती कोसळल्या, कर्ज थकलेली घरं बँकांच्या ताब्यात जाऊ लागली, आणि उत्पन्नाचा आकडा खाली आला. करार मात्र 2010 पर्यंतचे होते.

2008 चे पहिले काही महिने

फेब्रुवारी-मार्च 2008 मध्ये जे घडलं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. शहराकडे पैसे संपत आले आहेत ही बातमी बाहेर पडली. ती ऐकून पोलीस आणि अग्निशमन दलातल्या अनेक अनुभवी माणसांनी घाईने निवृत्ती घेतली. त्यांचं गणित सोपं होतं. नोकरीत राहिलो आणि शहर दिवाळखोरीत गेलं तर साठलेल्या रजेचे पैसे बुडतील, आज निवृत्त झालो तर आज मिळतील. कुणालाही दोष देता येणार नाही, आपणही तेच केलं असतं. पण वीस-पंचवीस वर्षं साठवलेल्या रजांचं रोखीकरण एकदम द्यावं लागलं आणि उरलेसुरले पैसे त्यातच गेले. दिवाळखोरीच्या भीतीने दिवाळखोरी जवळ आणली.

सिटी मॅनेजर, म्हणजे शहराचे मुख्य प्रशासक, जोसेफ टॅनर आणि संघटना यांच्यात बोलणी सुरू राहिली. संघटनांनी काही महिन्यांपुरती 6.5 टक्के पगारकपात मान्य केली आणि शहराने तेवढा काळ काढला. पण कायमचा तोडगा निघाला नाही. संघटनांचं म्हणणं होतं की शहर चित्र मुद्दाम काळं रंगवत आहे, इतर निधींमध्ये पैसे पडून आहेत. शहराचं म्हणणं होतं की ते निधी पाणीपुरवठ्यासारख्या ठरावीक कामांसाठीच वापरता येतात. त्यांच्यातला अविश्वास बघता एक गोष्ट लक्षात येते : दोन्ही बाजू एकच ताळेबंद वाचत होत्या आणि दोघांनाही त्यात वेगळं दिसत होतं. तटस्थ तपासणी करून दोघांना मान्य होईल असा आकडा काढून ठेवण्याचं काम चांगल्या वर्षांत करायचं असतं. तसा आकडा आधीपासून असता तर मार्च 2008 मधली बोलणी वेगळी झाली असती, असं मला ठामपणे वाटतं.

अग्निशमन दलाबद्दल थोडं. तिथे करारात प्रत्येक पाळीत किमान किती माणसं हवीत ते ठरलेलं होतं. भरती रोखली की माणसं कमी पडतात, मग असलेल्या माणसांना ओव्हरटाइम द्यावा लागतो आणि एकेका जवानाची वार्षिक कमाई डोळे विस्फारतील इतकी दिसू लागते. वर्तमानपत्रांत ते आकडे छापून आले, लोक चिडले. पण त्या आकड्यामागे दुप्पट तास काम केलेला माणूस होता. नवा जवान भरती केला तर त्याची पेन्शन आणि आरोग्य विमा जन्मभर द्यावा लागतो, ओव्हरटाइम मात्र तेवढ्यापुरता असतो, म्हणून शहरानेच हा मार्ग निवडलेला होता. पगारावरचा राग अनेकदा अशा चुकीच्या जागी जाऊन पडतो.

न्यायालयात काय ठरलं

संघटनांनी शहराच्या अर्जालाच आव्हान दिलं. सॅक्रामेंटोतल्या दिवाळखोरी न्यायालयाचे न्यायाधीश मायकल मॅकमॅनस यांनी सप्टेंबर 2008 मध्ये निकाल दिला की शहर खरोखरच देणी देऊ शकत नाही. जून 2009 मध्ये अपील पीठाने तो कायम केला. त्याआधी, मार्च 2009 मध्ये, मॅकमॅनस यांनी आणखी मोठा निर्णय दिला होता. दिवाळखोरीतलं शहर कर्मचारी संघटनांशी केलेले करार रद्द करू शकतं.

याची कायदेशीर बाजू रंजक आहे. 1984 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खासगी कंपनीच्या प्रकरणात म्हटलं होतं की दिवाळखोरीतली कंपनी कामगार करार नाकारू शकते. त्यावर गहजब झाला आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, लगेच कायदा करून कंपन्यांवर जास्त कडक अटी घातल्या. दिवाळखोरी कायद्यातल्या शहरांसाठी असलेल्या चॅप्टर 9 या प्रकरणाला मात्र त्या अटी लावल्या गेल्या नाहीत. त्यामुळे खासगी कारखान्यातल्या कामगाराला जे संरक्षण मिळालं, ते व्हॅलेहोच्या बंबचालकाला मिळालं नाही.

तरीही शहराने सगळे करार फेकून दिले नाहीत. पोलिसांच्या आणि अधिकारी वर्गाच्या संघटनांनी तडजोड केली. विद्युत कामगारांच्या संघटनेचा करार ऑगस्ट 2009 मध्ये न्यायालयाने रद्द केला. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्यावर मोठी कपात झाली, शहराचा वाटा महिना 300 डॉलरवर आला. त्यात अशीही माणसं होती ज्यांनी करार केला तेव्हा पगारात कमी घेऊन म्हातारपणीच्या औषधोपचाराची हमी पदरात पाडून घेतली होती. त्यांना नव्याने नोकरी धरून ती तूट भरून काढणं शक्य नव्हतं. तारण नसलेल्या धनकोंना त्यांच्या पैशांतला छोटा भाग मिळाला.

पेन्शनला मात्र हात लावला गेला नाही. कॅलपर्ससारख्या बलाढ्य संस्थेशी वर्षानुवर्षं कोर्टात लढायची शहराची ऐपत नव्हती आणि तो लढा सुरू झाला असता तर उरलेले पोलीसही निघून गेले असते. हा निर्णय व्यावहारिक होता. पण सगळ्यात वेगाने वाढणारा खर्च तसाच ठेवून बाहेर पडल्यामुळे दिवाळखोरीतून जे साधायला हवं होतं त्यातलं अर्धंच साधलं. वकील आणि सल्लागारांवर लाखो डॉलर गेले ते वेगळेच.

रहिवाशांच्या वाट्याला काय आलं? दीडशेच्या आसपास असलेलं पोलिसांचं बळ शंभराच्या आत आलं. अग्निशमन केंद्रं बंद झाली. खड्डे बुजवले जाईनात. ज्यांच्या पगाराबद्दल तक्रार होती त्यांची संख्या कमी झाली आणि शहर कमी सुरक्षित झालं. पगारवाढ रोखली की करदात्याचे पैसे वाचतात असं म्हणणाऱ्यांनी हा भाग वगळू नये.

2010 आणि 2011 : दोन मतदानं

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग इथे आहे आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. जून 2010 मध्ये शहराच्या मतदारांसमोर मेझर ए हा प्रस्ताव मतदानाला आला : सनदेतला बंधनकारक लवाद काढून टाकायचा का? तो निसटत्या बहुमताने मंजूर झाला. चाळीस वर्षांनी पगाराला ‘नाही’ म्हणायचा अधिकार परिषदेकडे परत आला. मग नोव्हेंबर 2011 मध्ये मेझर बी आलं : दहा वर्षांसाठी विक्री करात एक टक्का वाढ. तेही अगदी थोडक्या फरकाने मंजूर झालं.

हा क्रम महत्त्वाचा आहे. कराचं मतदान आधी घेतलं असतं तर ते पडलं असतं, याबद्दल मला फारशी शंका नाही. नवा पैसा थेट जुन्या सूत्राने पगारात जाईल अशी भीती लोकांना होती आणि ती खोटी नव्हती. हिशेब करून पाहा. 8 कोटींच्या निधीतले सुमारे 6 कोटी पोलीस-अग्निशमन पगारावर. त्यावर दरवर्षी पाच टक्के वाढ धरली तर तीन वर्षांत पगारबिल वाढतं सुमारे 95 लाख डॉलरने. एक टक्का विक्री करातून अपेक्षित उत्पन्नही वर्षाला साधारण 95 लाखच होतं. म्हणजे संपूर्ण नवा कर तीन वर्षांच्या पगारवाढीत विरघळला असता आणि चौथ्या वर्षी रहिवाशांच्या हातात कराची पावती तेवढी उरली असती.

दुसरी अडचण कायद्याची होती. ‘हा कर फक्त पोलिसांसाठी आणि रस्त्यांसाठी’ असं मतपत्रिकेवर लिहिलं असतं तर तो विशेष कर झाला असता आणि दोन-तृतीयांश मतं लागली असती. तेवढी मिळणं अशक्य होतं. सर्वसाधारण कर ठेवला तर साधं बहुमत पुरतं, पण मग पैसा कुठे खर्च होईल याची कायदेशीर हमी देता येत नाही. लोकांनी विश्वासावर मत द्यायचं, आणि विश्वास तर दिवाळखोरीत गेलेला.

यातून जी वाट काढली गेली ती मला मनापासून आवडते. एप्रिल 2012 मध्ये परिषदेने चार विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की मेझर बी च्या उत्पन्नातला सुमारे 30 टक्के हिस्सा कुठे खर्च करायचा ते रहिवासीच थेट ठरवतील. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेने 1989 मध्ये सुरू केलेली ही लोकसहभागाची अर्थसंकल्पाची पद्धत अमेरिकेत पूर्ण शहरासाठी राबवणारं व्हॅलेहो पहिलं ठरलं. मे 2013 च्या मतदानात 16 वर्षांवरचा कुणीही रहिवासी मत देऊ शकत होता, नागरिकत्वाचीही अट नव्हती. सुमारे चार हजार लोकांनी मत दिलं आणि खड्डे बुजवण्यापासून रस्त्यावरच्या दिव्यांपर्यंतची कामं निवडली. टीका करणारे म्हणाले की पोलीस कमी असताना बागांवर पैसे कसे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, म्हणून तर परिषदेत मतं चार-तीन अशी फुटली. पण कर देणाऱ्याला त्या करातून काय उभं राहिलं हे डोळ्यांनी दिसलं, जे आधीच्या कितीतरी वर्षांत घडलं नव्हतं. 2016 मध्ये त्याच मतदारांनी या वाढीची दहा वर्षांची मुदत काढून ती कायम केली.

तुलनेसाठी पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन घ्या. तिथे महापौर ख्रिस डोहर्टी यांना कर वाढवायचा होता, परिषदेला तो मान्य नव्हता, आणि पोलीस-अग्निशमन दलांच्या बाजूने लागलेला लवादाचा निवाडा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये उचलून धरला होता. जुलै 2012 मध्ये महापौरांनी न्यायालयाचा आदेश डावलून सुमारे चारशे कर्मचाऱ्यांना, स्वतःसकट, किमान वेतनाचा म्हणजे तासाला 7.25 डॉलरचा पगार दिला. आगीत शिरणारा माणूस आणि त्याचा महापौर एकाच किमान वेतनावर. तिथेही कुणी पगार आणि कर यांचं वजन केलं नव्हतं. दोन्ही पक्षांनी एकमेकांकडे बोट दाखवत तिजोरी रिकामी होऊ दिली होती.

पगारवाढीचा ठराव येतो तेव्हा

व्हॅलेहोच्या कागदपत्रांतून मला एक ठोस गोष्ट घ्यावीशी वाटते. पगारवाढीचा ठराव मतदानाला येतो तेव्हा त्याच कागदावर तीन आकडे असायला हवेत. यंदाचा खर्च तर सगळेच लिहितात. त्यासोबत पेन्शन धरून दहाव्या वर्षीचा खर्च लिहावा, आणि तो खर्च फक्त करातून भागवायचा तर एका सर्वसाधारण घराला वर्षाला किती जास्त द्यावे लागतील तेही लिहावं. वाढ नाकारायचा ठराव असेल तर तिथेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहावं की या पगारात किती माणसं सोडून जातील, किती केंद्रं बंद पडतील आणि बंब पोचायला किती मिनिटं जास्त लागतील. असा कागद समोर असेल तर पाच टक्क्यांना हो म्हणणारा सदस्यही जबाबदारीने हो म्हणेल, नाही म्हणणाराही. आणि संघटनेलाही तो कागद हवाच असतो, कारण जी वाढ शहराला झेपत नाही ती शेवटी कोर्टात जाऊन परत घेतली जाते, निवृत्त माणसाच्या औषधाच्या खर्चातून.

चांगल्या वर्षांतला जादा पैसा कायमच्या पगारात न घालता एकरकमी द्यावा, असं मी म्हणेन. घरांच्या तेजीतून आलेलं उत्पन्न एक वेळचं असेल तर त्याचा वाटाही एक वेळचाच असावा. कर्मचाऱ्याला तेजीत हिस्सा मिळतो, आणि बाजार बसल्यावर मूळ पगाराला धक्का लावावा लागत नाही. संघटना याला सहसा नाखूश असतात, कारण एकरकमी पैसा पेन्शनमध्ये धरला जात नाही. बरोबर त्याच कारणासाठी शहराला तो परवडतो, आणि वाटाघाटी करायच्या त्या याच मुद्द्यावर.

नोव्हेंबर 2011 मध्ये व्हॅलेहो दिवाळखोरीतून बाहेर आलं. दोन-तीन वर्षांतच अंदाजपत्रकात पुन्हा तूट दिसू लागली आणि कारण तेच होतं, ज्याला हात लावला नव्हता. पेन्शन निधीत शहराने किती भरायचं ते कॅलपर्स ठरवतं, परिषद नाही. आकडा कळवला जातो आणि भरावा लागतो. राज्याने 2012 मध्ये कायदा करून नव्या भरतीसाठी पेन्शन कमी केली. 1 जानेवारी 2013 पासून नव्याने नोकरीत आलेल्या पोलिसाला जास्तीत जास्त 57 व्या वर्षी 2.7 टक्क्यांची श्रेणी मिळते आणि पेन्शन सलग तीन वर्षांच्या सर्वाधिक सरासरी पगारावर मोजली जाते. आधीच्या कर्मचाऱ्यांना दिलेलं वचन जसंच्या तसं आहे. त्यामुळे या सुधारणेची पूर्ण बचत शहराला दिसायला 2013 मध्ये पंचविशीत भरती झालेला पोलीस निवृत्त होईपर्यंत, म्हणजे साधारण 2045 पर्यंत, थांबावं लागणार आहे, आणि तोवर पगारवाढीच्या प्रत्येक ठरावात जुन्या श्रेणीतल्या माणसांचा खर्च वेगळा काढून मांडावा लागणार आहे.